क्रेनवरचं तळं

बांधकामावर सगळे त्याला घार म्हणत. वीस मजले उंच क्रेनच्या काचेच्या खोलीत तो दिवसभर एकटा बसायचा आणि लोखंडाचे भारे सांगाल तिथे अलगद टेकवायचा. घारीला भीती म्हणजे काय ते माहीत नाही, असं गवंडी कौतुकाने सांगत. खरं काय ते फक्त त्याच्या ताईला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या कामावरची क्रेन त्याच्या डोळ्यांदेखत कोसळली, तेव्हापासून शिडीला हात लावला की त्याला तीच क्रेन दिसायची.

ताई नकाशे काढायची. तिने त्याला कागदावर एक तळं काढून दिलं; तळ्यात कमळाची पानं आणि प्रत्येक पानावर आकडा.

"दोन फासे टाक. बेरीज येईल त्या आकड्याचं एक पान भर. एकमेकांना लागून तीन पानं भरली की मध्ये एक फूल काढ."

"आणि हरतं कोण?"

"कुणी नाही रे. मन थाऱ्यावर राहतं, एवढंच."

तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत तो वरच डबा खायचा आणि तळं भरत बसायचा. एकदा खाली उतरलो तर पुन्हा चढणं जमणार नाही, ही धास्ती होतीच.

त्या दिवशी दुपारी आभाळ स्वच्छ होतं आणि वारा एकाएकी सुटला. अशा वाऱ्यात क्रेनचा लांब हात मोकळा सोडायचा असतो, अडवून धरला तर क्रेनच आडवी होते. त्याने ब्रेक सोडला. हाताबरोबर खोलीही गरगर फिरू लागली. शिडीने उतरणं म्हणजे जिवाशी खेळ. त्याने घाईघाईने फासे काढले, पण एका हेलकाव्यासरशी ते हातातून उडाले आणि फटीतून खाली गेले.

वॉकीटॉकीवर, भारा कुठे न्यायचा ते खालून सांगणारा इशारेवाला ओरडला, "घार, ठीक आहेस ना?"

"नाही." त्याने बटण दाबून धरलं. "मला भीती वाटतेय. माझे फासे पडले."

हे सगळ्या कामावर ऐकू गेलं.

"कसले फासे?"

त्याने अडखळत तळ्याचं सांगितलं. इशारेवाल्याने सुताराकडून लाकडाचा चौकोनी तुकडा कापून घेतला, त्यावर पेन्सिलने टिंबं काढली आणि तो दोनदा टाकला.

"हं, लिही. चार... आणि दोन. सहा!"

त्याने सहाचं पान भरलं. रेघ पानाबाहेर गेली. बाहेर लोखंड करकरत होतं, इमारत काचेसमोरून एकदा जायची, पुन्हा यायची. तो नजर कागदावरून हलवत नव्हता.

"पाच आणि पाच. दहा. फूल आलं का रे?"

"अजून नाही."

दीड तासाने वारा पडला. तो एक एक पायरी करत खाली उतरला. विटांच्या ढिगाला टेकून बसला. गवंड्यांपैकी कुणी हसलं नाही. एकाने पाणी आणून दिलं.

मुकादमाने विचारलं, "उद्या चढशील?"

"नाही. यापुढे कधीच नाही," तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याने हे मोठ्याने म्हटलं होतं.

आता तो खाली उभा राहून इशारे देतो. वर एक नवी बाई बसते, हात सफाईदार आणि बोलणं तिखट. वारा जरा वाढू लागला की त्याचे तळहात अजूनही ओले होतात, आणि इतर कुणाच्या लक्षात यायच्या आधीच तो तिला खाली उतरायला सांगतो.