पट्टी सांभाळणारी रेचलताई

दिल्लीत मयूर विहारमधल्या आमच्या सोसायटीच्या लिफ्टची घंटा काळी दोनमध्ये वाजते, हे मला रेचलताईनं सांगितलं. पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवरून सूर ओळखतात, एवढी अक्कलही मला तिच्यामुळेच आली. कुकरची शिट्टी असो की भंगारवाल्याची हाक, ती आधी गुणगुणायची आणि मग निकाल द्यायची. कुणी शंका घेतलीच तर म्हणे, "पेटी काढ, बघ. चुकले तर आइस्क्रीम माझ्याकडून." ते आइस्क्रीम आम्हाला कधीच मिळालं नाही.

रेचल साळवे आमच्या वरच्या मजल्यावर राहायची. आठवडाभर सरकारी ऑफिसात फायली आणि शनिवार-रविवारी लग्नांत डीजे, असा तिचा संसार होता. लहानपणी ती चर्चमध्ये पेटी वाजवायची. तिथली सुराची शिस्त तिनं थेट भांगड्यात नेली. एक गाणं उतरत असताना ती दुसरं त्याच पट्टीतलं आणायची, नाहीतर त्या पट्टीच्या पंचमातलं. गाणं कधी बदललं, नाचणाऱ्याला कळायचंही नाही. "बेसूर जोड दिली ना यार, की पब्लिकला एकदम भूक लागते," ती सांगे. "फ्लोअर खाली, पनीर टिक्का खतम!" नम्रता तिच्या गावीही नव्हती. "डीजे पुष्कळ मिळतील. पट्टी मला कळते," असं ती गिऱ्हाइकाला पहिल्याच भेटीत ऐकवायची. ते खरंही होतं, म्हणून राग येत नसे.

माझं लग्न ठरलं तेव्हा बाबांना जाऊन वर्ष उलटलं होतं. त्यांनी माझ्यासाठी गायलेली एक अंगाई जुन्या कॅसेटवर होती. लग्नाआधीच्या संगीतच्या संध्याकाळी त्यांचा आवाज हॉलमध्ये असावा, एवढाच माझा हट्ट होता. आईचा साफ नकार. बाबा गेल्यापासून तिनं स्वतःचं गाणंही बंद केलं होतं. "गाझियाबादची तुझ्या सासरची एवढी माणसं नाचायला येणार आणि आपण त्यांना रडवायचं? शोकसभा आहे का ती?"

रेचलताईनं कॅसेट ऐकली आणि पहिल्यांदाच निकाल द्यायला वेळ लावला. टेप जराशी संथ फिरत होती. बाबांचा सूर काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मध्येच कुठेतरी बसला होता. पेटीवर त्याला जागाच नव्हती.

"मशीनवर थोडा वर घे ना," मी म्हटलं.

"बिल्कुल नाही. गाणी हलतील, नाचणारे हलतील. बाबा जागचे हलणार नाहीत." मग आईकडे वळून म्हणाली, "काकू, एकही माणूस खुर्चीत जाऊन बसला, तर मी डीजेगिरी सोडते."

संगीतच्या संध्याकाळी तिनं अख्खा हॉल बाबांच्या दिशेनं नेला. भांगडा पांढरी पाचमध्ये रंगला, पुढचं गाणं पांढरी दोनमध्ये आलं आणि मग कुणाच्या नकळत केसाएवढं खाली उतरलं. ढोल मंदावला, मागे एकच षड्ज उरला आणि त्यावर बाबा गायला लागले. कुणीही बसलं नाही. माझे सासरे हात वर केलेलेच, डोळे मिटून डोलत होते. मी रडले, पण नाचता नाचता. दुसऱ्या ओळीला आणखी एक आवाज आला. आई माझ्या शेजारी उभी राहून बाबांबरोबर गात होती. रेचलताईनं कन्सोलमागून मला डोळा मारला.

गेल्या हिवाळ्यात रेचलताई अचानक गेली. घरातलंच माणूस गेल्यासारखं झालं. चर्चमध्ये तिच्यासाठी गीत सुरू झालं, पण ज्यानं त्यानं आपापला सूर लावला. दोन ओळी आईनं कशाबशा सोसल्या. मग ती उभी राहिली.

"थांबा जरा. आधी पट्टी घ्या. रेचलला हे असं ऐकवणार आहात का?"

पेटीवाल्यानं निमूट सूर दिला. आईनं तो डोळे मिटून धरला आणि मग सगळं चर्च तिच्यामागून गायला लागलं.