खिडकीजवळचा दुसरा बाक

परभणीच्या आमच्या कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी माजी विद्यार्थिनी म्हणून मी 'कॉलेजनं मला काय दिलं' असा एक लेख लिहून दिला आहे. त्यात गुरुजन आहेत, ग्रंथालय आहे, संस्कार तर जागोजागी आहेत. परभणीतच एका कनिष्ठ महाविद्यालयात मी शिकवते आणि दर जूनमध्ये नव्या पोरापोरींना मूल्यांवर पाऊण तास ऐकवते, त्यामुळं असले लेख मला झोपेतही लिहिता येतात. त्या लेखात जे लिहिलं नाही ते इथं लिहिते.

मी सेलूकडची. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. घरात पुस्तकं होती आणि त्यांचा माज माझ्यात उतरला होता. कॉलेजात गेल्यावर या माजाला काम मिळालं ते फिशपाँडचं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते: गॅदरिंगच्या आधी आठवडाभर ऑफिसच्या दारात एक खोका ठेवत. कोणाला कोणाविषयी जे टोचून बोलायचं असेल ते चिठ्ठीवर लिहून त्यात टाकायचं, खाली नाव घालायचं नाही, आणि गॅदरिंगला सगळ्या चिठ्ठ्या माईकवर वाचायच्या. ज्याच्यावर असेल त्यानं हसायचं. चेहरा पडला की ती चेष्टा आणखी वर्षभर पुरायची. मी जाड्या पोरीवर लिहिलं, तोतऱ्यावर लिहिलं, एकाच शर्टावर दोन वर्षं काढणाऱ्यावर तर दोनदा लिहिलं. हॉल खदखदायला लागला की मी मांडीवर हात ठेवून गरीब गायीसारखी बसायचे. कोणाला संशयही आला नाही. त्या वयात याहून मोठं सुख मला माहीत नव्हतं.

होस्टेलवर माझ्या खोलीत एक गंगाखेडकडची मुलगी होती. तिचे वडील शेळ्यामेंढ्या राखायचे. दुसऱ्या वर्षाला असताना एका दुपारी तिनं पेटी उघडली, कपड्यांच्या तळातून मंगळसूत्र काढलं आणि माझ्या हातात दिलं. बारावीच्या सुट्टीत तिचं लग्न झालं होतं; कॉलेजात पोरी हसतील म्हणून ती ते गळ्यात घालत नव्हती. सासरचे लोक दिवाळीनंतर सांगलीकडं ऊसतोडीला जात. तिथं एकट्या माणसाला कोणी विचारत नाही, नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. ही बी.ए. होईपर्यंत तिची सासू मुलाबरोबर तोडायला जाईल, असा शब्द सासऱ्यानं दिला होता. अट एकच होती, कॉलेजात सुनेच्या नावानं काही ऐकू येता कामा नये. "तुझ्याबिगर कुनालाच सांगितलं न्हाई," ती म्हणाली. मी मंगळसूत्र परत दिलं आणि आईची शपथ घेतली.

तिसऱ्या वर्षाला मराठीच्या सरांनी वर्गात दोन निबंध वाचून दाखवले, एक माझा आणि एक तिचा. माझ्या निबंधाला ते म्हणाले, "भाषा शुद्ध आहे." तिनं पावसात अडकलेल्या मेंढरांवर लिहिलं होतं. तो वाचून झाल्यावर सरांनी त्यातला एक परिच्छेद पुन्हा वाचला. मग म्हणाले, "ही भाषा शिकवून येत नाही." माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते आठ दिवस थांबलं नाही. जी पोरगी 'आहे'ला 'हाय' म्हणायची, जिला शुद्धलेखन मी शिकवलं, तिचा परिच्छेद सरांनी दोनदा वाचला होता. त्याच आठवड्यात ऑफिसच्या दारात खोका आला.

चिठ्ठी मी डाव्या हातानं लिहिली. 'बी.ए. तृतीय वर्ष, खिडकीजवळचा दुसरा बाक' एवढाच तिचा पत्ता, आणि खाली:

गळ्यातलं पेटीत, पेटीला कुलूप,
कोणासाठी राणी, रोज नवं रूप?

माईकवरच्या पोरानं ते दोनदा वाचलं. पहिल्यांदा हॉलला कळलं नाही. दुसऱ्यांदा मागच्या रांगेतून कोणीतरी "लगीन झालंय वाटतं!" असं ओरडलं आणि मग जे हसू फुटलं तसं माझ्या आधीच्या कुठल्याच चिठ्ठीला फुटलं नव्हतं. ती माझ्या शेजारीच बसली होती. तिनं ओढणी तोंडाला लावली आणि तीही हसली. मला वाटलं, चला, झालं.

तिच्या सासरच्या गावचा एक मुलगा आमच्याच कॉलेजात होता. त्यानं मोबाइलवर सगळं घेतलं होतं. तिसऱ्या दिवशी ते सांगलीकडच्या उसाच्या फडावर पोचलं, आणि चौथ्या दिवशी सकाळी तिचे वडील होस्टेलवर आले. रेक्टर मॅडमनी आम्हां दोघींना ऑफिसात बोलावलं. वडील खुर्चीवर बसायला तयार नव्हते. धोतराचा सोगा हातात धरून उभेच राहिले.

"म्याडम, ज्यानं कुनी लिव्हलं त्याला माझ्यासमोर आना," ते म्हणाले. "मी शिवी देनार न्हाई, हात लावनार न्हाई. फोनवर हिच्या सासऱ्याला त्यानं एवढंच म्हनावं, मस्करी केली, पोरीत काई खोट न्हाई. सासरा म्हनलाय, असं कुनी बोललं तर परीक्षा हुस्तवर ठिवतो. न्हाई तर आजच फडावर आनून सोडा म्हनलाय."

परीक्षेला दोन महिने राहिले होते. मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. "तू तिची जवळची. कोणाचं काम असेल हे?"

खरं बोलायला किती वेळ लागला असता? एक वाक्य, एक फोन. पण शनिवारी बक्षीस समारंभ होता आणि 'आदर्श विद्यार्थिनी' म्हणून माझं नाव फलकावर लागलेलं होतं. मी घाबरले होते असं म्हणणं सोयीचं आहे, पण मी घाबरले नव्हते. मी हिशेब केला. एकीकडं तिची बी.ए. होती, दुसरीकडं माझं नाव, आणि माझं नाव मला जास्त जड वाटलं. मी म्हणाले, "मुलांपैकी कोणीतरी असेल, मॅडम."

म्हातारा मला म्हणाला, "बरं माय." बस्स, एवढंच.

तिचं सामान मीच बांधू लागले. वळकटीची दोरी आवळली, पुस्तकं एका पिशवीत कोंबली आणि वर तिला समजावलं, की बाहेरून परीक्षा देता येते, मन खचू द्यायचं नाही. पेटी उचलून रिक्षापर्यंत नेली. शनिवारी मी नवी साडी नेसून ढाल घेतली. पुढं नोकरीच्या मुलाखतीत त्या बक्षिसाविषयी विचारलं, तेव्हा मी सहकार्यावर आणि संवेदनशीलतेवर बोलले. समितीला आवडलं. नोकरी लागली.

गेल्या वर्षी मला तिचा नंबर मिळाला. मी खूप चांगली बाई झाल्यासारखा फोन लावला. म्हणाले, मुक्त विद्यापीठाचा फॉर्म मी भरते, पुस्तकं मी देते, तू फक्त परीक्षेला ये. आणि मग, इतक्या वर्षांनी, फोनवर तोंड दिसत नाही म्हणून सांगितलं की ती चिठ्ठी माझी होती.

"ठाऊक हाय की," ती म्हणाली. "मंगळसूत्राचं तुझ्याबिगर कुनाला म्हाईत होतं?"

"मग वडिलांना का नाही सांगितलंस?"

पलीकडं तिनं कोणाला तरी जरा थांबायला सांगितलं.

"चिठ्ठीचं मला काई वाटलं न्हाई," ती म्हणाली. "सगळेच हसायले होते, मीबी हसले. बा येनार हे मला आदल्या दिवशीच कळलं होतं. पन त्यानं इचारलं का तू सांगशील, असं लय पक्कं वाटायलं होतं मला. म्हनून तर मी सामान बांधलंच न्हवतं."