चीफचं गळू, अंबुजाची नळी

“अक्का, पोरीस खाली उतरूं द्यायाचं की नाही, तेवढं सांगा,” अंबुजाची आई लॅबच्या दारात उभी राहून म्हणाली. “धाकटं लेकरू शेजारणीपाशी टाकून आल्यें. मज अता पुरे झालं.”

मी पॅथॉलॉजिस्ट. रक्त तपासणं माझं काम, औषध देणं वॉर्डातल्या डॉक्टरांचं. पण मी तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीतली, ही जवळच्या पापनाशमची, आणि आमची मराठी बोलणारं इस्पितळात दुसरं कुणी नव्हतं. त्यामुळे तिची सगळी गाऱ्हाणी माझ्याच दारी यायची. साठच्या दशकाची सुरुवात होती.

अकरा वर्षांच्या अंबुजाला रुमॅटिक फीव्हर झाला होता. घसा दुखून सुरू होणारा हा आजार सांधे सुजवतो आणि हृदयाच्या झडपा बिघडवतो. शरीरात दाह चालू आहे तोवर मुलाला खाटेवरून उतरू द्यायचं नाही, असा तेव्हाचा नियम. तिचा ताप गेला, सांध्यांची सूज उतरली, दाह दाबणारं ॲस्पिरिन बंद होऊनही बरेच दिवस लोटले. पण ईएसआर काही खाली येईना. ईएसआर म्हणजे उभ्या नळीत रक्त ठेवून तांबड्या पेशी तासाभरात किती खाली बसतात ते बघणं. दाह असला की त्या भराभर बसतात. पंचाईत अशी, की अंगात रक्त कमी असलं तरी भराभरच बसतात. आणि अंबुजा तर जंतांनी पांढरीफटक पडली होती. लोहाच्या गोळ्या चालू होत्या, पण रक्त भरायला वेळ लागतो. तोवर पोरीच्या पायांच्या काड्या होत चालल्या होत्या. मला ते बघवत नसे.

वॉर्डाचे मोठे डॉक्टर म्हणजे आमचे चीफ. मी त्यांना म्हटलं, “सर, सीआरपी करून बघू या.”

सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन हे दाह असला की रक्तात वाढतं. रक्त कमी असल्याने त्याला फरक पडत नाही. ते पकडायला अँटिसीरम लागतं. हे प्रोटीन सशाला टोचून त्याच्या रक्तातून अँटिसीरम काढतात. अगदी बारीक काचनळीत आधी अँटिसीरम ओढायचं, मग रुग्णाचं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहणारं पाणी. मध्ये हवेचा बुडबुडा नको. नळी मुलांच्या खेळण्यातल्या प्लॅस्टिसीनमध्ये उभी खोचायची. दुसऱ्या दिवशी तळाशी पांढरा साका दिसला, तर दाह आहे.

मद्रासच्या एका मैत्रिणीने अँटिसीरमची बाटली थर्मासात बर्फ घालून रेल्वेने पाठवली. पोचेपर्यंत बर्फाचं कोमट पाणी झालं होतं. तरी मी टेस्ट लावली. अंबुजाची नळी स्वच्छ निघाली! मी तशीच चीफच्या खोलीत गेले.

चीफ उभे होते. आठवडाभर ते उभेच असत. बसायच्या जागी भलंमोठं गळू झालेलं, अंगात कणकण. सगळ्या इस्पितळाला हे ठाऊक होतं, पण बोलायची कुणाची छाती नव्हती.

“डॉक्टरम्मा, तुमचं अँटिसीरम रेल्वेत शिजून आलंय,” ते म्हणाले. “त्या नळीत पाणी भरलं असतं, तरी ती स्वच्छच दिसली असती.”

मला राग आला. बोलणं खरं होतं म्हणून जरा जास्तच आला.

मग ते आवाज उतरवून म्हणाले, “एका मुलाला मी लवकर उठवलं होतं. परत आला तेव्हा त्याचं हृदय कामातून गेलं होतं. पुन्हा ते नको.”

यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. उपाय एकच. दाह नक्की आहे अशा कुणाचं तरी रक्त त्याच अँटिसीरमने तपासायचं. साका आला, तर अँटिसीरम शाबूत. याला पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणतात. वॉर्डात पू झालेले रुग्ण होतेच. पण चीफचा विश्वास फक्त चीफवर.

“सर, तुमचं रक्त द्याल?”

“माझं? ते कशाला?”

मी त्यांच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. ते कानापर्यंत लाल झाले. मग बाही वर सारत म्हणाले, “रिपोर्टवर नाव घालू नका.”

अंबुजाची टेस्टही मी नव्याने लावली. दुसऱ्या दिवशी चीफ सकाळीच लॅबमध्ये हजर. त्यांच्या नळीत चांगला जाडजूड पांढरा साका बसला होता.

“फार आहे का हो?”

“सर, आजच चीर देऊन घ्या.”

त्यांनी अंबुजाची नळी खिडकीच्या उजेडात धरली. फिरवून फिरवून पाहिली. आत काही नव्हतं. “चला वॉर्डात,” ते म्हणाले.

अंबुजाने पाय खाली सोडले आणि तिचे गुडघेच वळले. चीफनी, आपलं दुखणं विसरून, वाकून तिला काखेत हात घालून धरलं. तळवे फरशीला टेकले तशी ती हसली. “अम्मा, गार लागतं गे!” इतके दिवस माझ्याशी भांडणारी तिची आई खालीच बसली, पोरीच्या पावलांवर हात ठेवून रडू लागली. माझेही डोळे भरून आले.

रोज थोडं थोडं चालत अंबुजा सावरली आणि आपल्या पायांनी घरी गेली. पुढे तपासणीला येत राहिली. झडपा शाबूत राहिल्या.

‘काही नाही’ असा रिपोर्ट देण्याआधी शेजारी ‘आहे’ म्हणणारी एक नळी ठेवावी, हे तेव्हापासून मी कधी सोडलं नाही. ती साहेबांची असेल, तर सही लवकर मिळते.