पट्ट्यांना पाजलेलं तेल

पिंपळनेरच्या स्टँडवर धुळ्याची गाडी लागली, तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. पुण्याच्या खेळाडूंच्या वसतिगृहात माझी निवड झाली होती. एका पिशवीत कपडे होते आणि दुसरीत मायने बांधून दिलेल्या कळण्याच्या भाकरी. वडिलांनी, म्हणजे नानांनी, मला खिडकीजवळ बसवलं, खाली उतरले आणि बाहेरून माझे दोन्ही तळवे ओढून नीट पाहिले. बैल घेताना खूर पाहतात तसे. "हात सांभाळजो," एवढंच म्हणाले. मी रडलो नाही, कारण तालमीतली तुम्ही सगळी पोरं समोर उभी होतात आणि रडलो असतो तर जन्मभर चिडवलं असतंत.

हे तुम्हालाच लिहितोय. जे गावात राहिलात त्यांना, आणि जे माझ्यासारखे निघून सुरत-नाशिकला टेकलात त्यांनाही. भेटलात की विचारता, तुझं नेमकं झालं काय? मी म्हणतो, खेळताना बारवरून हात सुटला. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. उरलेलं अर्धं मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही.

आपल्या तालमीचा मल्लखांब आठवत असेल. दर शनिवारी मारुतीला नमस्कार करून नाना त्याला एरंडेल पाजायचे. 'पाजायचे' हा त्यांचाच शब्द. बुंध्यापासून टोकाच्या बोंडापर्यंत फडक्याने चोळत, वरच्या भागासाठी स्टुलावर चढत. नाना स्वतः कधी खांबावर चढले नाहीत. शेतकरी माणूस, पण तेलाचं काम दुसऱ्याला करू द्यायचे नाहीत. बैलांचे चामडी पट्टे, पायातल्या वहाणा, सगळ्याला त्यांचं तेल असायचंच. "कातडाले तेल नही पाजं ते ते तडकस," असं म्हणायचे. त्या गुळगुळीत खांबावर मी उड्या मारायला शिकलो आणि त्याच बळावर पुण्याला गेलो.

पुण्यात जिम्नॅस्टिक्स शिकायचं होतं आणि तिथे सगळंच उलटं निघालं. तिथे तेलाचं नाव काढायचं नाही. हाय बार, रिंग्ज, पॅरलल बार, सगळीकडे हाताला पांढरी मॅग्नेशियम पावडर फासायची, कारण खांबावर घसरावं लागतं आणि बारवर घट्ट धरावं लागतं. तळहाताला चामड्याच्या ग्रिप बांधायच्या. त्या जितक्या कोरड्या तितक्या चांगल्या. नवी जोडी हाताला बसायला काही आठवडे जातात, तोवर ती परक्या माणसासारखी वागते. हे सगळं मी सुट्टीत घरी आल्यावर नानांना कधी सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नाही, आणि त्यांना त्यातलं काय कळणार असं मला वाटायचं. या विचाराची मला आज लाज वाटते.

क्रिकेटमध्ये आपला देश केवढा मोठा. आमच्या खेळात मात्र तो अगदी चिमुकला. बाहेरच्या स्पर्धेत आमच्या पोरांची नावं पुकारताना निवेदक अडखळतो आणि टाळ्या वाजवायला आमचेच दोघं-तिघं असतात. त्या चिमुकल्या देशाच्या संघात जायचं, एवढंच मला हवं होतं. त्यासाठी बारा वर्षं दिली. दिवाळ्या दिल्या, अक्काचं लग्न दिलं. बहिणीच्या हळदीला मी गादीवर उलट्या उड्या मोजत होतो.

निवड चाचणीच्या आदल्या दिवशी नाना पुण्याला आले. बारा वर्षांत पहिल्यांदाच. दुपारी मी खांद्याला शेक घ्यायला गेलो आणि ते माझ्या खोलीत बसून राहिले. परत आलो तर खोलीत एरंडेलाचा वास. माझ्या ग्रिप त्यांच्या मांडीवर होत्या, रंगाने गडद झालेल्या, आणि नाना अंगठ्याने शेवटचा थेंब जिरवत होते.

"पार कोरड्या व्हई जायेल व्हत्यात," ते म्हणाले. "तेल पाजं. आते देख कश्या मऊ व्हयन्यात."

इतकं खूश मी त्यांना क्वचितच पाहिलं होतं. माझ्या खेळातलं त्यांना येण्यासारखं एकच काम होतं आणि ते त्यांनी मन लावून केलं होतं. मी म्हणालो, "बरं कयं, नाना."

बॅगेत नवी जोडी होती. हाताला बसली नव्हती, पण कोरडी होती. आमच्या प्रशिक्षक सरांना सांगून काहीतरी वाट काढता आली असती. पण सकाळी नाना शेजारी उभे राहून मी पट्टे बांधतो ते पाहत होते. मी तेलाच्याच ग्रिप घातल्या आणि वर मूठ मूठ पावडर थापली. वाटलं, निभेल.

पहिल्यांदा हवेत बार सोडून पुन्हा पकडला, ते निभलं. दुसऱ्या वेळी बार सोडून वर गेलो, गिरकी घेतली, खाली आलो, बार बरोबर हातात आला आणि हातातून निघून गेला. डाव्या खांद्यावर पडलो. सर धावत आले आणि विचारलं, "घाम होता का रे?" मी "हो" म्हणालो. नाना त्यांच्या मागेच उभे होते.

ऑपरेशन झालं, आणि नंतर दोन वर्षं मी स्वतःची समजूत घातली. डावा हात खांद्याच्या वर काही गेला नाही. संघ माझ्याशिवाय गेला, परत आला, पुन्हा गेला. आता मी शारजात एका मॉलमधल्या जिममध्ये कोच आहे. वीकएंडला बर्थडे पार्टीतल्या मुलांना फोमच्या खड्ड्यात उड्या मारायला लावतो. मुलं हसतात, आया व्हिडिओ काढतात. दर शुक्रवारी नानांचा फोन येतो. "खांदा कसा शे?" "बरा शे." एवढंच आमचं बोलणं. त्यांना काही ठाऊक नाही आणि ते तसंच राहावं, यासाठी मी सुट्ट्याही टाळत आलो. तोंडावर खोटं बोलणं मला जमत नाही.

या मे महिन्यात मात्र गेलो. तालमीत पाऊल टाकलं तर मल्लखांब पांढरा पडलेला, उभ्या चिरा गेलेल्या. वस्ताद आता फार थकलेत. त्यांना विचारलं, नाना येत नाहीत का? ते म्हणाले, "तुन्हा खांदा ग्या तईपाईन त्यानी तेलले हात लाया नही. बैलना पट्टाबी दुसराकडथून करी लेस."

म्हणजे त्यांना कळलं होतं. कदाचित तिथेच, सरांच्या मागे उभे असताना. इतकी वर्षं खांद्याची चौकशी करत होते ते सगळं ठाऊक असताना, आणि मी इकडे त्यांच्यापासून लपवत बसलो होतो.

शनिवारी मी एरंडेल आणलं आणि नानांना तालमीत घेऊन गेलो. फडकं त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. मग मीच लावायला लागलो. बुंधा केला, मधला भाग केला. स्टुलावर चढलो तेव्हा तोल धरायला डाव्या हाताने बोंड पकडायचं होतं. तो हात तिथवर पोचेना. मी दोनदा प्रयत्न केला. नाना खालून त्या हाताकडे पाहत होते.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले.

वरचा दीड हात कोरडाच राहिला. घरी येताना आम्ही कांद्याच्या भावाबद्दल बोललो.

घर म्हणजे काय, असं तुमच्यापैकी कोणी विचारलं तर मला हेच सांगता येईल. तिथे मी आहे आणि नाना आहेत, दोघांनाही एकच गोष्ट ठाऊक आहे, आणि ती बोलून कोणाचंच काही परत येणार नाही. मी पुन्हा जाईन. पुन्हा कांद्याबद्दल बोलू.

निघताना नाना स्टँडवर आले. मी खिडकीजवळ बसलो, सवयीने दोन्ही तळवे बाहेर काढले. नानांनी ते हातात घेतले, उलटे केले, अंगठ्याने चोळले. धुळ्याची गाडी हलेपर्यंत धरून ठेवले. हात सांभाळ असं मात्र या वेळी म्हणाले नाहीत.