मोदकपात्रातला कार्बोरेटर

सन १९३२, भाद्रपद शुद्ध चतुर्थी. स्थळ: किहीममधल्या आमच्या घराची मागची पडवी. हजर: सासूबाई, मुंबईहून आलेले धाकटे दीर, आमच्या मोटारीचा क्लीनर आणि मी. मोटारीचे मालक, म्हणजे माझे यजमान, आषाढात तापाने गेले होते.

त्यांचे वर्षश्राद्ध व्हायचे होते, म्हणून आमच्याकडे सण नव्हता. गणपती वाडीतल्या भाऊबंदांकडे बसला होता. आरतीच्या झांजा आमच्या पडवीपर्यंत ऐकू येत होत्या. पडवीभर गोणपाटावर मोटारीचे इंजिन पडले होते.

हे असे पडणे दरवर्षीचेच होते. आमची मोटार रेवस बंदरावरून अलिबागपर्यंत उतारू नेत असे. पावसाळ्यात आगबोटी बंद झाल्या की उतारूही बंद. मग यजमान ज्येष्ठात इंजिन खोलत, श्रावणात साफ करत आणि बोटी सुरू व्हायच्या आत जुळवत. त्या वर्षी खोलण्याचे काम झाले होते. पुढची दोन राहिली. श्रावणभर खारी दमट हवा खाऊन लोखंड तांबडे झाले होते आणि पितळेवर हिरवे चढले होते.

दीर पनवेल-पेणवरून, धरमतरची खाडी होडीने ओलांडून, गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन आले होते. चहा पिऊन होताच त्यांनी मुद्द्याला हात घातला.

"वहिनी, हे सगळं पोत्यात भरू. मुंबईत एक जण जुनं सामान घेतो. घराला कुलूप लावू. आई आणि तुम्ही माझ्याकडे चला."

सासूबाई वाती वळत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "दोन खोल्या. त्यात तुझी चार पोरं, बायको आणि तुझा आवाज. आम्ही बसायचं कुठे?"

"होईल गं कसंतरी."

क्लीनर पडवीच्या पायरीवर बसला होता. तो जवळच्या आगरातला, यजमानांपेक्षा वयाने थोडा मोठा. मोटार हाकायचे लायसन त्याच्याकडेही होते, पण सगळे त्याला क्लीनरच म्हणत. तो म्हणाला, "दादा, पोत्यात कशाला भरता? जुळवली का चालंल ती."

"कोण जुळवणार? तू?"

"मीच. सोडवली तवा दुसऱ्या बाजूनं धरून मीच व्हतो ना. पन आदी साफ व्हायला होवी. ह्या गंजावर मी काय जुळवू?"

दीर शहाणे माणूस होते आणि वाईट अजिबात नव्हते. त्यांनी थोडा विचार केला आणि मुदत घातली. घटस्थापनेच्या सुमारास पहिली आगबोट रेवसला लागे. त्या बोटीने ते येणार. मोटार बंदरावर उभी असली तर आम्ही दोघींनी किहीमलाच राहावे, ते एक शब्द बोलणार नाहीत. नसली तर बांधाबांध. मी बरे म्हटले. घर राहावे असे मला वाटत होते की नाही, हे आज सांगता येत नाही. कोणीतरी मुदत घातली, एवढेच मला पुरेसे होते. मुदत असली की कामे लावता येतात.

यजमान सगळे भाग पेट्रोलमध्ये धूत. आमच्याकडे एकच डबा पेट्रोल उरले होते आणि ते बंदरापर्यंत जायला लागणार होते. तेव्हा पेट्रोल धुण्यात घालवायचे नाही, हे पहिले ठरले. मला यंत्रातले काही कळत नव्हते. भांडी कळत होती. मी गोणपाटापाशी बसले आणि तीन ढीग केले: तेलकट, गंजलेले, हिरवे. तेलकटाला पापडखार घालून उकळणे. गंजलेल्याला आंबट ताकात बुडवून ठेवणे. हिरव्याला आमसुलाचे पाणी आणि राख. रेडिएटरच्या आत न्हाणीच्या बंबाला बसते तसलेच पांढरे कीट बसले होते, त्यातही आमसुलाचेच पाणी भरून ठेवले. मॅग्नेटो ओला झाला तर ठिणगी पडत नाही, असे क्लीनर म्हणाला. पावसात आपण मीठ, पापड आणि काडेपेटी चुलीवरच्या फळीवर ठेवतो, तिथेच पापडांचा डबा सरकवून मी मॅग्नेटो ठेवला.

क्लीनरला स्वयंपाकघरात यायची मुभा नव्हती आणि आम्हाला त्याच्यावाचून चालायचे नव्हते, म्हणून उकळायचे काम न्हाणीच्या चुलीवर घेतले. अडचण आली ती बारीक सामानाची. कार्बोरेटरचे बोंडाएवढे पितळी तुकडे बादलीत टाकले की तळाच्या गाळात जात. एक तर दिवसभर सापडला नाही.

"भोकांची चाळण होवी," क्लीनर म्हणाला. "आन तिच्याखाली खोल भांडं."

सासूबाई आत गेल्या. माळ्यावर काहीतरी सरकवल्याचा आवाज आला आणि त्या मोदकपात्र घेऊन बाहेर आल्या. तांब्याचे, आतून कल्हई केलेले, मधे भोकांची ताटली. ते देवाचे भांडे होते. वर्षातून एकदा उतरायचे, सोवळ्यातच हाताळायचे, आणि मला सुद्धा लग्नानंतर तिसऱ्या वर्षी हात लावू दिला होता.

मी म्हटले, "आई, हे?"

"यंदा काय, माळ्यावरच बसणार होतं," त्या म्हणाल्या. "कल्हई केली की शुद्ध होतं. घ्या."

त्यांनी ते न्हाणीच्या चुलीवर स्वतः ठेवले. त्यात पाणी घातले, पापडखार घातला, ताटलीवर कार्बोरेटरचे तुकडे मोदकांसारखे गोल मांडले आणि झाकण लावले. मग सवयीने झाकणाला हात जोडले.

क्लीनर चुलीत लाकडे सारत होता. वाफ सुटली तेव्हा म्हणाला, "आये, मोदकांना घासलेटचा वास येतोय."

"तुला कोण वाढतंय मेल्या? लांब हो."

आषाढापासून आमच्या घरात कोणी थट्टा केली नव्हती. मी दोघांकडे पाहिले. हसायला हवे होते हे मला समजले, पण तोंड तसे वळले नाही. त्या दिवसांत भूक, झोप, रडू यांतले काहीच मला वेळेवर येत नव्हते. कामे तेवढी वेळेवर होत होती. सकाळी ताक बदलायचे, दुपारी पितळ घासायचे, दिवेलागणीला फळीवरचे भाग उलटून ठेवायचे. यजमानांच्या हातचे काळे तेल प्रत्येक भागावर होते आणि ते मी खरवडून काढत होते. हे मला तेव्हा सुचले नाही. सुचले असते तरी मी खरवडलेच असते. काम तेच होते.

पितृपक्षातल्या अष्टमीपर्यंत सगळे स्वच्छ झाले. क्लीनरने इंजिन जुळवून मोटारीत बसवले. पितळ इतके लखलखीत होते की तो म्हणाला, "वयनी, ही मोटार हाय का देवघर?" मग त्याने पुढे जाऊन हँडल मारले. इंजिन खोकले, धरले, आमच्या गोठ्यातली म्हैस दावे ओढायला लागली. आणि लगेच बंद पडले. कार्बोरेटरमधून पेट्रोलची धार लागली होती. क्लीनरने धावत जाऊन चावी बंद केली तोवर बरेचसे जमिनीत गेले होते.

त्याने कार्बोरेटर खोलला. आत बुचाचा एक तरंगता तुकडा असतो. पेट्रोल पुरेसे भरले की तो वर येतो आणि वाट बंद करतो. आमचा तुकडा तळाशी बसला होता.

"आये," तो हळूच म्हणाला, "बुचाला पन उकडलं?"

"उकडलं," सासूबाई म्हणाल्या. "काय ते पिवळं पिवळं चिकटलं होतं त्याला. घासून घासून काढलं."

ते पिवळे म्हणजे लाखेचा लेप होता. बूच पेट्रोल पिऊ नये म्हणून तो असतो. आमच्या घरात भांड्याला काही चिकटलेले राहणे हा गुन्हा. त्या हिशेबाने त्यांनी काम चोख केले होते. हे क्लीनरने सांगितले. सासूबाईंनी वातींचे तबक पुढे ओढले, पण कापूस हातात तसाच राहिला. मग मला म्हणाल्या, "अगो, मुंबईला न्यायची भांडी वेगळी काढायला घे."

मी उठले. भांडी काढायला नव्हे. लाख कोणाकडे असते याचा मी विचार केला. सोनाराकडे, कासाराकडे आणि सुताराकडे. सुतार जवळ होता आणि भाऊबंदांच्या पाटाला पॉलिश करून नुकताच मोकळा झाला होता. विधवेने वर्षभर घराबाहेर पडायचे नसे, म्हणून क्लीनर गेला आणि लाखेचे पॉलिश नारळाच्या करवंटीतून घेऊन आला. आधी बूच फळीवर पुरते वाळवले. मग लेप, वाळवण, पुन्हा लेप. सासूबाई दर वेळी फळीखाली उभ्या राहून वर बघत आणि परत जात.

पहिल्या बोटीच्या सकाळी इंजिन धरले आणि धरून राहिले. क्लीनर डोक्याला फडके बांधून बसला. उरलेले पेट्रोल बंदरापर्यंत पुरेल, परत यायचे तिथे दुकानात बघू, असे म्हणून तो गेला. मी न्हाणीच्या दाराशी उभी राहून आवाज ऐकला. तो चोंढीच्या वळणाकडे लहान होत गेला. मग माडांचाच आवाज राहिला. मी चुलीतली राख काढली.

दुपारी मोटार परत आली. दीर पुढच्या बाकावर बसले होते, मागे अलिबागचे उतारू. दीर उतरले, चिखल नसलेल्या पायांनी पडवीत आले आणि सासूबाईंच्या पाया पडले.

"उभी होती," ते म्हणाले. "धक्क्याला सगळ्यांच्या आधी. बरं, राहा."

"बसायला जागा होती का पण?" सासूबाईंनी विचारले.

"हो."

"मग झालं."

मोटारीच्या पायरीवर बंदराची वाळू आली होती. ती मी झाडली. बाकी त्या दिवशी आणखी काही झाल्याचे आठवत नाही.

आम्ही त्याच घरात राहिलो. मोटार अजून चालते. सासूबाई गेल्या, त्यालाही आता तीन वर्षे झाली.

मोदकपात्र मी त्या आठवड्यातच घासायला घेतले होते. पापडखाराने आतली कल्हई पार गेली होती, तळाशी काळे कडे पडले होते. ताटली उचलली तर खाली एक बोल्ट निघाला. बोटाच्या पेराएवढा, स्वच्छ, कुठेही झीज नसलेला. क्लीनरने तो हातात फिरवून पाहिला. इंजिनात सगळ्या जागा भरलेल्या होत्या.

"मालकांना ठावं असंल," तो म्हणाला, आणि मग आपणच खाली बघायला लागला.

जागा सापडेपर्यंत बोल्ट आहे तिथेच राहू दे, मग भांडे कल्हईला देऊ, असे सासूबाईंनी ठरवले. दरवर्षी ज्येष्ठात क्लीनर इंजिन खोलतो तेव्हा मी तो बोल्ट काढून देते. तो एकेका भोकाला लावून बघतो आणि परत देतो. मोदक मी पातेल्यावर चाळण ठेवून उकडते. दिवाळीनंतर कल्हईवाला वाडीत येतो, भाता मांडतो आणि आमच्या दाराशी हाक देतो. मी पातेली देते, परात देते. मोदकपात्र माळ्यावरच आहे, आत बोल्ट आहे, आणि यंदाच्या कामांतही ती दोन्ही राहिली आहेत: बोल्टची जागा शोधणे, पात्राला कल्हई करणे.