करंगळी

आमच्या त्या प्रवासाची एकच हकीकत भाईंदरच्या आमच्या इमारतीत सगळ्यांना ठाऊक आहे — अण्णांनी, माझ्या वडिलांनी, सांगितलेली. दुसरी माझ्याजवळ आहे. ती आजवर तोंडाबाहेर पडलेली नाही. बायकोसमोरही नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. कंपनी मला अमेरिकेला पाठवत होती. ताई तिथेच राहायची. तिने अण्णांचं तिकीट माझ्याच विमानाचं काढलं. अण्णांना इंग्रजी येत नव्हतं. "तू आहेस ना," एवढंच म्हणाले आणि निघाले — कानटोपी, शाल, मांडीवर दशम्यांचा डबा.

माझ्या खुर्चीचा पट्टा लागेना. विमान भरलेलं. एक जागा रिकामी होती, ती पुढे, फर्स्ट क्लासमध्ये. विमानातल्या गोऱ्या बाईने इंग्रजीत विचारलं, तुमच्यासोबत कुणी आहे का?

अण्णा शेजारीच होते. आम्हा दोघांकडे बघून हसत होते.

मी म्हणालो — नो.

एवढं इंग्रजी कुणाला कळत नाही? मग अण्णांना मराठीत सांगितलं, की विमानवालेच मला पुढे हलवतायत, माझा इलाज नाही. "जा, जा," अण्णा म्हणाले.

पण हेही नाही. हे सांगायला मी बसलेलो नाही.

पुढे खुर्चीचा पलंग व्हायचा. काचेचे पेले, कापडी रुमाल. बरं वाटत होतं — खोटं कशाला बोलू? बऱ्याच वेळाने विमान हादरायला लागलं, आणि मधला पडदा सरकला. अण्णा उभे होते. ती बाई त्यांना अडवत होती. त्यांनी मला शोधलं आणि करंगळी वर केली.

लहानपणी लग्नाच्या पंगतीत मी त्यांना अशीच करंगळी दाखवायचो. भरल्या ताटावरून उठून ते मला बाहेर न्यायचे.

त्या बाईला करंगळी काय कळणार? तिने माझ्याकडे पाहिलं — हे तुमचे कुणी? हो म्हटलं असतं तर मघाचं खोटं उघडं पडलं असतं, कोटवाल्या शेजाऱ्यांसमोर. फक्त एवढंच. आणि मी — मी डोळे मिटले.

पडदा सरकल्याचा आवाज आला. तिने त्यांना जागेवर नेऊन पट्टा बांधला असणार.

उतरल्यावर अण्णांनी शाल कमरेला गुंडाळली होती. मे महिन्यात. मी विचारलं नाही.

"झोप झाली का रे?"

"झाली."

परत आल्यावर जागांची गोष्ट ऐकून शेजारच्या शहाभाईंनी गुजरातीत चिडवलं, "छोकरो राजा, अने बाप प्रजा?" अण्णा हसून म्हणाले, अहो, मीच पाठवलं त्याला पुढे. मी शेजारी उभा राहून मान हलवली. ते हेच सगळ्यांना सांगत राहिले, आणि मी दर वेळी मान हलवत राहिलो.

शेवटच्या आजारात अण्णांना बोलता येत नव्हतं. लघवीला लागली की ते करंगळी दाखवायचे — नर्सला, झाडूवाल्या मावशींना, पलीकडच्या खाटेवरच्या माणसाच्या मुलालासुद्धा. मला एकदाही नाही.

मी उशाशीच बसलेला असायचो. टक्क जागा.