मामांचा तोल

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी घोटीच्या शाळेत सहावीला विज्ञान शिकवत होते. वय झालं होतं, झोपेतच गेले... तरी महिना उलटला, तोंडातून अजून 'मामांना विचारते' असंच निघतं.

मामाही विज्ञानाचेच मास्तर. मखमलाबादला घर, दारात झेंडूचं शेत. मला स्थळं बघणं सुरू असताना तापाचं निमित्त झालं आणि त्यांच्या डाव्या कानातली तोल सांभाळणारी नस कामातून गेली. घर गरगर फिरायला लागलं. दुसरा कोणी हबकला असता. मामांनी खाटेवर पडल्या पडल्या माझा तास घेतला. "अगं, डोकं कुठे वळलं ते दोन्ही कान मेंदूला कळवतात. तिथल्या पेशी दोघांचं ऐकून ठरवतात. घरात दोन जावा असतात ना, एक गप्प बसली की दुसरीचंच खरं! म्हणून पडून असलो तरी मेंदूला वाटतं, फिरतोय." त्या पेशींना नव्याने शिकवता येतं, असं डॉक्टर म्हणाले होते. अंगठा समोर धरायचा, नजर त्यावर ठेवून मान डावी-उजवी हलवायची, चक्कर आली तरी. काठीशिवाय मामांना उंबरठा ओलांडता येत नव्हता, आणि बोहल्यावर भाचीच्या मागे मामानंच उभं राहायचं असतं. त्यांना तेवढीच काळजी होती.

वणीचे पाहुणे मामांच्या घरीच मला बघायला आले आणि नेमकी मामांच्या व्यायामाची वेळ झाली. मास्तरच ते, वेळ कशी चुकवतील? अंगणातल्या खाटेवर बसून सुरू. पोहे खाता खाता मुलाच्या आईने खिडकीतून पाहिलं, तर अंगठा ताठ आणि मान नको-नको करतेय.

"मुलीचा मामाच ठेंगा दावतोय," त्या उठल्याच. "चला, यांना आपलं स्थळ पसंत नाय."

मीच लाज सोडून ओरडले, "मामा, पाहुणे निघाले!" आणि मामा धावले. काठी खाटेपाशीच राहिली. झोकांड्या खात अख्खं अंगण ओलांडून ते दारात आडवे उभे राहिले, धापा टाकत कानाची सगळी कथा सांगितली आणि होणाऱ्या व्याह्यांनाही अंगठा धरून मान हलवायला लावली. हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. लग्न तिथेच ठरलं.

लग्नात मामा काठी न घेता माझ्या मागे उभे होते. मंगलाष्टकं सुरू असताना त्यांच्या हाताचा भार माझ्या खांद्यावर आला. मान न वळवता मी हळूच विचारलं, "मामा, चक्कर येतेय का?"

"नाही गं," मामा म्हणाले, "रडतोय. तू पुढे बघ."